विश्लेषण : हप्ता महिन्याला, धान वर्षाला! मूलच्या घरातली खरेदीची यादी कशी ठरावी?

दिवाळी आटोपली आणि धान कापणीला आले की मूल, सावली, सिंदेवाही भागातल्या घराघरांत एक यादी निघते. कुणाला मोबाइल बदलायचा असतो, कुणाला मोठा टीव्ही हवा असतो, कुणाला इन्व्हर्टर. कॉलेजातल्या पोराला कानात घालायचे ब्लूटूथ हवे असते. यंदा या यादीला वस्तू व सेवा कराच्या कपातीची जोड मिळाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, सायकलीवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर. जाहिरातींत हेच आकडे झळकत आहेत. मात्र जाहिरात लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असतो तो पगारदार माणूस. ज्या घरात पैसा वर्षातून एकदा येतो आणि ज्या घराच्या मागे जंगल सुरू होते, तिथे यादीचा क्रम वेगळा लागतो. प्रस्तुत लेखकाने स्वतःसाठी केलेली यादी समोर ठेवून तो क्रम समजून घेण्याचा हा प्रयत्न.

हौशीच्या घड्याळाचे नाव धानाला कसे लागले?

हौशीच्या वस्तूंची यादी ही काही ऑनलाइन बाजाराने आणलेली गोष्ट नाही. याचा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यातल्या बांध्यांतच आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड (जिल्ह्याचे नांदेड नव्हे) या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल ३’ जातीच्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षामागून वर्षे निवडत नेल्या आणि त्यातून बारीक दाण्याचा नवा वाण उभा राहिला. त्याला नाव नव्हते. १९९० च्या सुमारास हा धान तळोधीच्या बाजारात पोहोचला, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्याने त्याला त्या काळी सगळ्यांना हवेहवेसे वाटणाऱ्या घड्याळाचे नाव देऊन टाकले. तोच हा ‘एचएमटी’.

घड्याळे बनवणारी एचएमटी सरकारी कंपनी होती. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूत तिचे घड्याळ तयार होऊ लागले. लग्नात जावयाला घड्याळ, सायकल, रेडिओ हे तीन दागिने ठरलेले असत. त्यावरून रुसवे-फुगवे होत, मुलीच्या बापाला कर्ज काढावे लागे. हुंडाबंदीचा कायदाही त्याच १९६१ सालचा, हा योगायोग तेवढ्यापुरता लक्षात ठेवावा. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ ठेवायलासुद्धा परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. दादाजी २०१८ मध्ये गेले. वाण जेवढा दूरवर पसरला त्या मानाने त्यांच्या हाती काहीच पडले नाही. घड्याळ बाजारातून गेले, धान मात्र आजही त्याच नावाने विकला जातो.

वस्तूची किंमत धानात का मोजायची?

रुपयांत किंमत वाचली की ती लहान वाटते. १४ हजार ९९९ म्हटले की आपण १४ हजारच ऐकतो. पण धान उत्पादकाने तीच किंमत क्विंटलमध्ये वाचली की खरी दिसते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सर्वसाधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे, ‘अ’ दर्जासाठी २,३८९. सोयीसाठी पहिला आकडा धरू. बारा हजारांचा ३२ इंची टीव्ही म्हणजे पाच क्विंटल धान. पंधरा हजारांचा मोबाइल सहा क्विंटलच्या वर जातो. आठशे रुपयांची डोक्याला बांधायची बॅटरी मात्र ३४ किलोत येते, आणि बाराशेची पॉवर बँक अर्ध्या क्विंटलात.

आता घराकडे काय येते ते पाहू. एकरी १४ क्विंटल धरले तर अडीच एकरांत ३५ क्विंटल, म्हणजे हमीभावाने सुमारे ८३ हजार. यातून पऱ्हे, रोवणीची मजुरी, खत, फवारणी, कापणी, चुरणी, ट्रॅक्टरचे भाडे वजा करा. निम्मे उरले तरी वर्ष चांगले गेले म्हणायचे. बारीक धान व्यापाऱ्याला वा राइस मिलला घातला तर भाव वेगळा पडतो. राज्य सरकारने २०२३-२४ आणि २०२४-२५ या हंगामांसाठी हेक्टरी २० हजार रुपये, कमाल दोन हेक्टरपर्यंत, असा बोनस जाहीर केला होता. पण बोनस खात्यात कधी पडेल याचा नेम नसतो. म्हणून बोनसच्या भरवशावर टीव्ही घरी आणू नये. आधी खात्यात रक्कम दिसू द्यावी.

पाच क्विंटल म्हणजे एकरातल्या धानाचा तिसरा हिस्सा. टीव्ही घेऊ नये असा याचा अर्थ नाही. वर्षभर संध्याकाळी सहा माणसे बघणार असतील तर तो हिस्सा वसूल होतो. वर्षाआड बदलायच्या मोबाइलवर सहा क्विंटल घालवताना मात्र दोनदा विचार करावा.

‘शून्य टक्के’ हप्त्यात नेमके काय असते?

इथे थोडे थांबावे लागेल, कारण घराचे नुकसान सगळ्यात जास्त इथेच होते.

शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट सांगितले होते. व्याज कुठे तरी लपवलेले असते. सध्या ‘नो कॉस्ट’ नावाने जे चालते त्यात बहुतेकदा असे होते की वस्तूवर मिळू शकणारी सूट कंपनी किंवा दुकानदार फायनान्स कंपनीकडे वळवतो आणि तीच रक्कम तिचे व्याज ठरते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न असा विचारावा : ‘भाऊ, रोखीने घेतला तर कितीला?’ रोखीचा भाव कमी निघाला, तर तो फरक म्हणजेच तुमचे व्याज. त्यावर प्रक्रिया शुल्क असते आणि त्या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर. विमा, वाढीव वॉरंटी अशा गोष्टीही हप्त्यात गुपचूप बसवल्या जातात. त्या घ्यायच्या की नाही, हे सांगण्याचा हक्क ग्राहकाचा.

दुसरा प्रकार सरळ व्याजाचा. ‘वर्षाला फक्त बारा टक्के’ असे तोंडी सांगितले जाते. बारा हजार रुपये कर्ज, त्यावर वर्षाचे बारा टक्के म्हणजे १,४४० रुपये, एकूण १३,४४०, महिन्याला १,१२० चे बारा हप्ते. हिशेब बरोबर दिसतो. पण बारा हजार रुपये वर्षभर तुमच्याकडे राहतातच कुठे? पहिल्या महिन्यापासून मुद्दल परत जात असते आणि व्याज मात्र सगळ्या बारा हजारांवर लागलेले असते. खरा वार्षिक दर काढला तर तो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.

हा खरा दर लेखी मागता येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किरकोळ कर्ज देणाऱ्या बँका आणि फायनान्स कंपन्यांनी कर्जदाराला ‘मुख्य तथ्य विवरणपत्र’ देणे बंधनकारक आहे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो आणि ते पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते. मूलच्या ग्राहकाने ते मराठीत मागावे. मोबाइलच्या पडद्यावर ‘सहमत’ दाबून घेण्याची घाई दुकानातल्या पोराला असते, आपल्याला नसावी.

पण समजा व्याज खरोखर शून्य असले, तरी एक अडचण उरते. हप्ता महिन्याला येतो, धान वर्षाला. डिसेंबरात मोबाइल घेतला तर पहिले चार-पाच हप्ते सहज जातात, कारण घरात पैसा असतो. मे महिन्यात तेंदूपाने आणि मोहफुलांचा थोडा आधार मिळतो. जून-जुलैत बियाणे, नांगरणी, रोवणीची मजुरी एकदम अंगावर येते आणि नेमके तेव्हा बँक खाते कोरडे असते. हप्ता उसळला की बँक दंड लावते आणि फायनान्स कंपनीही. पतनोंद बिघडते ती वेगळीच. पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका, असे राज्य सरकारने बँकांना वेळोवेळी बजावले आहे. पण ट्रॅक्टर, दुचाकी, घर यांच्या कर्जाला ती नोंद पाहिली जाते. त्यामुळे शेतकरी घराने हप्ता घ्यायचाच असेल तर तो सहा महिन्यांच्या आत, म्हणजे रोवणीच्या आधी संपणारा घ्यावा. मुदत लांब तितका हप्ता छोटा, हे खरे. पण तो छोटा हप्ता पावसाळ्यात फार मोठा होतो.

यादीत पहिली वस्तू बॅटरी का?

टॉर्चला आपल्याकडे अजून बॅटरीच म्हणतात. माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर तीच आहे, आणि तीही हातात धरायची नव्हे तर डोक्याला बांधायची.

मूल तालुक्याचा काही भाग ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात येतो. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोब्याचे वाघ आता उद्यानाच्या रेषेत मावत नाहीत. ते बफरमध्ये आहेत, ब्रह्मपुरी वन विभागात आहेत, नाल्याकाठच्या झुडपांत आहेत आणि कापणीच्या दिवसांत उभ्या धानातही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. रानडुकरांपासून धान राखायला जागलीवर जाणारा, रात्रपाळीची वीज आली म्हणून पंप सुरू करायला निघालेला, पहाटे आडोशाला जाणारा, असा प्रत्येक माणूस या भागात अंधारातून चालतो.

डोक्यावरच्या बॅटरीने दोन्ही हात मोकळे राहतात, एका हातात काठी धरता येते. दुसरा फायदा फारसा सांगितला जात नाही. वाघ, बिबट, चितळ यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा पडदा असतो. प्रकाशाचा उगम आपल्या डोळ्यांच्या जवळ असेल, तर ती चमक थेट आपल्याकडे परत येते. कंबरेजवळ धरलेल्या बॅटरीपेक्षा कपाळावरच्या बॅटरीने डोळे दुरून दिसतात. घेताना फार मोठ्या आकड्यांना भुलू नये. दोनशे-तीनशे ल्युमेन पुरतात. जास्त उजेड म्हणजे लवकर संपणारी बॅटरी. सेल काढून बदलता येतो का, आणि पाण्यापासून संरक्षणाचा अंक किती, हे पाहावे. ‘आयपी ६७’ लिहिले असेल तर पहिला ६ धुळीसाठी आणि दुसरा ७ पाण्यासाठी असतो. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालावी. बांधीत काम करणाऱ्याला ‘आयपी’ लिहिलेले नसलेली वस्तू एका पावसापुरतीच.

बॅटरीमुळे वाघ पळतो, अशी हमी कुणी देऊ नये. तो आधी दिसतो, एवढेच. तेंदूपानांच्या हंगामातले हल्ले तर दिवसाउजेडी होतात. तिथे घोळका करून राहणे, शिटी आणि सावधपणा हेच कामाचे. सुंदरबनात १९८६ च्या सुमारास डोक्याच्या मागे माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधण्याचा प्रयोग झाला. वाघ पाठीमागून येतो, चेहरा दिसला की थबकतो, हा त्यामागचा विचार. सुरुवातीला गुण आला, पुढे वाघ सरावले, असे निरीक्षण आहे.

याच कारणासाठी यादीतून एक वस्तू मी खोडली आहे. कानात खोचायचे ब्लूटूथ. घरात, एसटीत, अभ्यासाला ठीक. पण गुराख्याच्या, सकाळी फिरायला जाणाऱ्याच्या, शेतवाटेने सायकल हाणणाऱ्या पोराच्या कानात ते नको. वानराची खोकल्यासारखी हाक आणि चितळाची किंचाळी ही जंगलातली पहिली सूचना असते आणि ती ऐकायला कान मोकळे लागतात. बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारे महागडे यंत्र तर अशा ठिकाणी उलट धोक्याचे. घरी वापरतानाही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लक्षात ठेवावी : ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत. ९० डेसिबलला हीच मुदत चार तासांवर येते.

सौर कुंपण आणि सौर पंप या ‘गॅजेट’मध्ये येतात का?

माझ्या मते येतात. शहरातली यादी खिशापुरती असते, इथली शेतापर्यंत जाते.

सौर कुंपणाचे यंत्र तारेत सलग वीज सोडत नाही. साधारण सेकंदाला एक असे क्षणभराचे झटके सोडते. दाब हजारो व्होल्टचा असला तरी झटका सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता टिकतो, म्हणून जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. याउलट खांबावरून थेट तारेत घेतलेली वीज सलग वाहते, स्नायू आखडतात, तार सुटत नाही. रानडुकरासाठी लावलेल्या अशा तारेत शेजारचा शेतकरी मरतो, कधी स्वतः लावणाराच मरतो आणि कधी वाघ. मग एका बाजूला मनुष्यवधाचा, दुसऱ्या बाजूला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा गुन्हा. जंगलालगतच्या गावांसाठी असलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळते. चौकशी वन परिक्षेत्र कार्यालयात करता येते. ताडोब्याच्या बफरमधील सीतारामपेठेत वाघ गावाकडे आल्यास कॅमेऱ्यांवरून ओळखून सूचना देणारी यंत्रणाही बसवण्यात आली. ती एकट्या घराने घ्यायची वस्तू नाही, पण ग्रामसभेच्या यादीत जायला हरकत नसावी.

सौर पंपाचे महत्त्व पाण्यापेक्षा वेळेत आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते. शाश्वत पाण्याचा स्रोत असणे ही अट आहे. सूर्य मावळला की पंप बंद, अशी तक्रार काही शेतकरी करतात. ती रास्त आहे. पण मूलसारख्या भागात रात्री पंपाकडे जावे लागत नाही, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

टीव्ही आधी की पंखा?

वीज गेली की टीव्ही नुसता काळा काच. म्हणून इन्व्हर्टर आणि त्यावर चालणारी उपकरणे एकत्र विचारात घ्यावीत. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. तूट धरून बाराशेच्या आसपास हाती लागतात. जुने दोन पंखे दीडशे वॉट, टीव्ही पन्नास, तीन एलईडी दिवे सत्तावीस. हा भार पाचएक तास चालेल. पंखे बदलून बीएलडीसी मोटरचे, प्रत्येकी २८ वॉटचे लावले तर तीच बॅटरी नऊ तास पुरते. म्हणजे पावसाळी रात्र निघून जाते. एक पंखा दिवसाला पंधरा तास फिरला तर महिन्याला २१ युनिट वाचतात, ते वेगळे. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचे आहे. पाच तारे पाहूनच घ्यावा. अठ्ठावीसशेचा पंखा म्हणजे सव्वा क्विंटलही नाही. मोठ्या इन्व्हर्टरपेक्षा आधी पंखे बदलणे स्वस्त पडते.

टीव्हीबद्दल एवढेच की करकपात फक्त ३२ इंचांवरील संचांना आहे. ३२ इंच आणि त्याखालच्या टीव्हीवर आधीपासून १८ टक्केच होते. ‘जीएसटी उतरला’ म्हणून छोटा टीव्ही खपवणाऱ्याला हे ऐकवावे. मोबाइल आणि लॅपटॉपवरचा करही १८ टक्केच राहिला आहे. दरमहा रिचार्ज नको असेल तर डीडी फ्री डिश आहे. डबा आणि छत्रीचा खर्च एकदाच, सह्याद्री वाहिनी आणि बरेच काही फुकट.

आणि टीव्हीच्या आधी आजीचा चष्मा. नजरेच्या चष्म्यावरचा कर आता ५ टक्के आहे. घरातला टीव्ही धूसर दिसतो, ही तक्रार पुष्कळदा टीव्हीची नसते.

जुना मोबाइल घेताना काय पाहावे?

जुना मोबाइल घ्यायला हरकत नाही, चोरीचा नको. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की १५ अंकी आयएमईआय क्रमांक येतो. ‘केवायएम’ आणि तो क्रमांक इंग्रजीत लिहून १४४२२ वर संदेश पाठवला की तो काळ्या यादीत आहे का ते कळते. स्वतःचा हरवला तर ‘संचार साथी’वरून बंद करता येतो. नवा घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा कंपनी किती वर्षे सुरक्षा अपडेट देणार हे विचारावे. बँकेचे व्यवहार त्याच फोनवर होतात. सिमकार्ड मात्र जाहिरातीवर घेऊ नये. आपल्या शेतात, आपल्या स्वयंपाकघरात कुणाचे टॉवर पकडते, ते शेजाऱ्याच्या फोनवर पाहून ठरवावे. गडचिरोलीकडे जसजसे आत जावे तसतसा हाच मुद्दा पहिला होतो.

पॉवर बँकेवर १०,००० लिहिलेले असते, पण तेवढे फोनमध्ये जात नाही. आतला सेल ३.७ व्होल्टचा, बाहेर द्यायचे ५ व्होल्ट. त्या रूपांतरात आणि उष्णतेत घट होऊन सहा हजारांच्या आसपास हाती येते. पाच हजारांचा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा. पॉवर बँक, चार्जर यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. चिन्हाजवळ ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. तो नसलेली वस्तू उशीखाली ठेवून झोपू नये.

करमणुकीच्या खात्यात नाटकाचे तिकीट का?

कारण झाडीपट्टीत हा हंगामच त्याचा आहे. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात आणि वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या रस्त्याला लागतात. रात्री जेवणे आटोपून पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. एकाच गावात एकाच रात्री दोन-तीन नाटके लागतात, लेकी-जावई मुक्कामाला येतात, सोयरिकी जुळतात. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीला प्रेक्षक शोधावा लागतो, इथे प्रेक्षक बैलबंडी आणि आता पिकअपमध्ये बसून स्वतः येतो. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

करमणुकीसाठी यादीत ठेवलेल्या पैशातला पहिला हिस्सा मी याला देतो. एका मोबाइल रिचार्जच्या पैशात घरातले चौघे नाही, पण दोघे तरी रात्रभर बसतात. नाटकाच्या तिकिटावर ५०० रुपयांपर्यंत वस्तू व सेवा कर नाही, सिनेमाच्या १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर मात्र आता ५ टक्के आहे. नाटकाला लागणारे सामान साधे : जाड ब्लँकेट, कानटोपी, चहाचा थर्मास, आणि परतीच्या वाटेसाठी तीच डोक्यावरची बॅटरी. नाटक मोबाइलवर चित्रित करून यूट्यूबवर टाकण्याची हौस मात्र आवरावी. त्या कंपनीचे उरलेले प्रयोग त्यावरच जगतात.

एक हौशीची वस्तू मी उघडपणे ठेवली आहे : दुर्बीण. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात सफारीला मोबाइल नेता येत नाही, दुर्बीण चालते. पण खरे तर ती मामा तलावांवर हिवाळ्यात उतरणाऱ्या पाखरांसाठी हवी आहे. ‘८ बाय ४२’ म्हणजे आठ पट मोठे दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. पट वाढवली की हात थरथरून चित्र हलते, भिंग लहान केले की संध्याकाळी अंधारे दिसते. त्यामुळे हा आकडा मधला. चार क्विंटलची वस्तू आहे, म्हणून ती यादीत शेवटी आणि या वर्षी येईलच असे नाही.

बिघडली तर कुणाकडे जायचे?

मूलमध्ये मोबाइल, पंखा, मिक्सर दुरुस्त करणारे हात आहेत. पण वॉरंटीतले काम अधिकृत केंद्रातच होते आणि पुष्कळ कंपन्यांसाठी ते चंद्रपूर, नाहीतर नागपूर. घेण्याआधी जवळचे केंद्र कुठे हे विचारावे. एका चकरेत मजुरीचा एक दिवस जातो. मोठ्या वस्तूंसाठी कंपनीचा माणूस मूलला घरी येतो का, हे पावतीवर लिहून घ्यावे.

पक्की पावती हाच सगळ्याचा आधार. ‘बिल नको असेल तर पाचशे कमी’ हा सौदा घेतला की वॉरंटी संपली. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे मराठीत बोलता येते. तेवढ्याने भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ती ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल होते. पावतीची छपाई उन्हाने उडते, तेव्हा घेतल्या दिवशीच तिचा फोटो काढून ठेवावा.